गिनी गवत आणि नोबुएचा तेरडा

कामिनोहारू गावात कुणाचं पीक पिवळं पडलं की लोक आधी आभाळाकडे बघत, मग साकुराजिमा ज्वालामुखीच्या धुराकडे, आणि सगळ्यात शेवटी शेजाऱ्याकडे. नोबुए इमायोशी मात्र सरळ रोप उपटायची. तिथंच बांधावर बसकण मारायची, मुळावरची माती अंगठ्यानं हळूहळू झाडायची आणि मूळ डोळ्यांपाशी नेऊन बघत राहायची. रस्त्यानं जाणारा हसून म्हणे, "नोबुए-सान, वरती आहे तेवढं बघा की! रताळी खायची असतात, त्यांची मुळं नाही."

"रताळं म्हणजे मूळच," ती मान वर न करता म्हणायची.

हा नाद तिला लहानपणीच लागला. युद्धाच्या शेवटच्या वर्षी शाळा बंद करून मुलांना डोंगरावर धाडलं होतं, पाइनच्या झाडांची मुळं खणायला. त्या मुळांतून म्हणे विमानांसाठी तेल निघणार होतं. पंधरा वर्षांची नोबुए पोटात नुसतं उकडलेलं रताळं घेऊन दिवसभर कुदळ चालवायची. बाकीच्या मुली रडकुंडीला यायच्या. ही खड्ड्यात उतरून एखादं मूळ दगडाला वळसा घालून कुठं गेलंय ते शोधत बसायची. त्या तेलावर एकही विमान उडालेलं तिनं पाहिलं नाही. पण डोळ्यांना दिसतं त्याच्याइतकंच जग जमिनीखाली आहे, हे तिच्या मनात तेव्हा जे बसलं ते बसलंच.

पुढे ती ओसुमीच्या ह्याच पठारावर, सुएहारू इमायोशीच्या घरी नांदायला आली. तीन वावरं, काळी, हलकी, ज्वालामुखीच्या राखेची भुसभुशीत माती. त्या मातीत भात होत नाही, रताळी होतात. चांगली निघाली तर पेटीत भरून शहरच्या बाजारात, आणि वेडीवाकडी निघाली तर पिठाच्या गिरणीत, स्टार्च काढायला. नोबुएच्या चाळिशीनंतर गिरणीच्या गाडीत जाणाऱ्या टोपल्या वर्षागणिक वाढत चालल्या. मधेच दोरी आवळल्यासारखी रताळी, उभी चिरलेली रताळी, देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेली रताळी. वेल उपटून बघावं तर बारीक मुळांवर गाठीच गाठी, जणू कुणी बसून त्यांत मणी ओवलेत.

रोगाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. सूत्रकृमी. मातीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे. त्यावर औषधही होतं. दोन पायांच्या मोठ्या पिचकारीनं ते पावला-पावलावर जमिनीत टोचायचं आणि वरून माती दाबायची. एक वर्ष सुएहारूनं ते टोचलं. वारा फिरला, वाफ तोंडावर आली, आणि चार दिवस तो बिचारा डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून राहिला. पाचव्या दिवशी नोबुएनं पिचकारी धुऊन, पुसून कोठीच्या माळ्यावर टाकून दिली.

"अगं, मग रताळ्यांचं काय?" सुएहारूनं विचारलं.

"बघू."

"हे तुझं 'बघू' म्हणजे खरोखरचं बघणंच असतं," तो म्हणाला. "करणं काही नसतं."

त्यांच्या शेजारी तोकुजी कामिझोनो राहायचा. त्याच्याकडे चार काळ्या गाई. तो वासरं वाढवून विकायचा. ह्या दोन घरांत आठ वर्षं अबोला होता. झालं होतं असं, की एका वसंतात तोकुजीची एक गाय दावं तोडून नोबुएच्या रोपवाटिकेत शिरली आणि लावणीला आलेले रताळ्याचे कोंब फस्त करून गेली. नोबुए म्हणाली, "गाय बांधता येत नसेल तर कोंबड्या पाळा." तोकुजी पडेल आवाजात माफी मागायला आला होता, पण हे ऐकून तोही फिरला. "गाईनंसुद्धा अर्धे कोंब टाकून दिलेत. तुमच्या रताळ्यांना तिनंही नाक मुरडलं!"

रताळी खराब निघत होतीच, वर्मी लागलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर तोकुजी गाईशी बोले, नोबुएला ऐकू जाईल अशा बेतानं: "चल गं बाई, लवकर चल. इथं रेंगाळलीस तर तुझी कोंबडी करतील."

मग एका एप्रिलमध्ये सुएहारू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि त्याची मांडी मोडली. लावणी तोंडावर, आणि घरात धडधाकट माणूस एकच. नोबुएनं हिशेब घातला: दोन वावरं जेमतेम जमतील, खालचं वावर पडीक ठेवावं. नाहीतरी तिथं गाठींचा कहर होता.

आठवड्याभरात तोकुजी अंगणात येऊन उभा राहिला. सुएहारू पाय लांब करून ओसरीवर पडला होता. नोबुए आत स्वयंपाकघरात.

"सुएहारू-सान," तोकुजी म्हणाला, "खालचं वावर यंदा रिकामं म्हणे."

सुएहारूनं आतल्या दाराकडे बघितलं. आतून पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला.

"रिकामंच आहे," सुएहारू म्हणाला.

"नाही म्हणजे... मला गाईंसाठी गवत पेरायला जागा कमी पडते. गिनी गवत. उन्हाळाभर दोन-तीनदा कापीन. शरदात जमीन नांगरून परत देईन."

"आमच्या वावरातून," नोबुए आतून पातेल्याला म्हणाली, "गवत जाईल बाहेर, गाय येणार नाही आत. एवढं कबूल असेल तर पेरावं ज्याला पेरायचं त्यानं."

तोकुजीनं ओसरीच्या खांबाला मान तुकवली. "कबूल आहे म्हणावं."

गवत तरारून आलं. जुलैत माणसाच्या छातीएवढं. तोकुजीनं ते तीनदा कापलं आणि बोलल्याप्रमाणे नोव्हेंबरात नांगरून जमीन परत दिली. पुढच्या मेमध्ये सुएहारूचा पाय चालता झाला होता, त्यामुळे तिन्ही वावरांत रताळ्याची लावणी झाली.

त्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी नोबुएच्या हातून खुरपं गळून पडायचं तेवढं बाकी राहिलं. वरच्या वावरात तीच वेडीवाकडी रताळी. खालच्या वावरात मात्र जो वेल ओढावा त्याला गुळगुळीत, लालबुंद, डाग नाही की चीर नाही अशी रताळी. तिनं एक घासून पुसून सुएहारूच्या हातात ठेवलं.

"हे कुठलं?"

"खालच्या वावरातलं."

"छे!"

"छे काय छे, मी काय बाजारातून आणलं?"

गावात ज्यानं त्यानं आपापलं कारण सांगितलं. कुणी म्हणालं, जमिनीला विसावा मिळाला. कुणी म्हणालं, तोकुजीनं गुपचूप शेणखत टाकलं असणार. तोकुजी स्वतः बांधावर उभा राहून गाईला म्हणाला, "बघ गं, तुझ्या पायगुणानं लोकांची रताळी सुधारली. कुणी आभार मानील तर शपथ."

आठ वर्षांत पहिल्यांदा नोबुए वळली आणि थेट त्याच्याकडे बघून बोलली. "तोकुजी-सान, शेणखत टाकलं होतंत?"

तोकुजी इतका दचकला, की गाईचं दावं हातातून सुटता सुटता राहिलं. "मी? तुमच्या वावरात? मला माझ्याच वावराला पुरत नाही!"

"एक टोपलीसुद्धा नाही?"

"चिमूटसुद्धा नाही. विचारायचं असेल तर गाईला विचारा."

म्हणजे खत नाही. राहिला विसावा. पण विसावा तर सुएहारूच्या बहिणीच्या वावरालाही होता; ते दोन वर्षं पडीक होतं, नुसतं तण माजलेलं. नोबुएला आता चैन पडेना. काढणीनंतर लोक गरम पाण्यात शोचू ही रताळ्याची दारू घालून प्यायले, रताळ्याची भजी खाल्ली, मोकळे झाले. ही मात्र मातीचाच विचार करत राहिली.

तिला वाट सापडली ती तेरड्यातून. अंगणातला तेरडा तिच्या धाकट्या जावेच्या मुली नखं रंगवायला तोडत. एकदा कुंडीत माती कमी पडली म्हणून नोबुएनं वरच्या वावरातली माती भरली होती, आणि त्या वर्षी तेरडा खुरटला. अर्थात तिनं तो उपटून बघितला होता. मुळांवर रताळ्यांसारख्याच गाठी. तेव्हा तिनं नुसतं "हं" म्हणून सोडून दिलं होतं. आता तिला वाटलं, डोळ्यांना किडा दिसत नाही ना? न दिसो. तेरड्याला तर तो चावतो! तेरडाच सांगेल.

एप्रिलात तिनं नऊ कुंड्या मांडल्या. तीन वरच्या वावरातल्या मातीच्या, तीन खालच्या, तीन नणंदेच्या पडीक वावरातल्या. सगळ्यांत एकाच पुडीतला तेरडा. कुंडीवर चुन्यानं खुणा. पाणी मोजून, एकाच वाटीनं.

"हे काय, तेरड्याची शाळा काढलीस?" सुएहारूनं विचारलं.

"परीक्षा आहे. आवाज करू नका."

जूनच्या सुरुवातीला तिनं एकेक कुंडी पालथी केली, बादलीत मुळं धुतली आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली. वरच्या वावरातला तेरडा: मुळं गाठींनी सुजलेली. पडीक वावरातला: जवळजवळ तितकाच. खालच्या वावरातला: पांढरी शुभ्र, केसासारखी मुळं. तिन्ही रोपांवर मिळून चार गाठी. तिनं पुन्हा मोजल्या. चारच.

म्हणजे विसाव्यानं काही झालं नव्हतं. नुसता विसावा घेतलेलं वावर तर जसंच्या तसं होतं. जे काही केलं होतं ते गवतानं.

नेमका त्याच दिवशी स्कूटरवरून कुवाहाता आला. कुवाहाता म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणारा सरकारी माणूस. तिशी ओलांडलेला, उन्हानं मान भाजलेला, आणि खिशात नेहमी औषधांची पत्रकं. हे लोक पिचकारी पुन्हा का वापरत नाहीत, हे विचारायला तो आला होता. वर्तमानपत्रावरची मुळं बघून तो चपला न काढताच ओसरीवर चढला, मग ओशाळून उतरला आणि चपला काढून परत चढला.

"इमायोशी-सान, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ह्यात शिकवायचं काय आहे?"

"अहो, आमच्या संशोधन केंद्रात असंच करतात! मातीत किती सूत्रकृमी आहेत हे बघायला तेरडाच लावतात. हाच!"

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही?"

कुवाहातानं डोकं खाजवलं. "तुम्ही कधी विचारलं नाही."

"मी रोज विचारते. माणसांना नाही विचारत एवढंच."

पुढच्या आठवड्यात त्यानं सूक्ष्मदर्शक आणला, जेवणाच्या डब्यासारखा कापडात गुंडाळून. एका नरसाळ्यात कागदावर तिच्या मातीची चिमूट ठेवली, खालून पाणी लावलं, आणि म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत ते पाण्यात उतरतील." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नोबुए सूक्ष्मदर्शकापाशी बसली ती अकरा वाजेपर्यंत उठली नाही. काचेखाली पारदर्शक, सुईहून बारीक असे जीव वळवळत होते. ना पाय, ना डोळे. मासोळीनं पाण्यात शेपूट हलवावी तसे ते इंग्रजी आठाच्या आकड्यात वळायचे.

"हेच का ते?" ती हळूच म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भेट होते आहे."

सुएहारूनंही बघितलं. "एवढ्याशा दोऱ्यानं माझी रताळी गिरणीत पाठवली?"

कुवाहातानं समजावून सांगितलं. हा दोरा मुळात शिरतो आणि एका जागी बसतो. मादी तिथं खाऊन खाऊन नासपतीसारखी फुगते, त्या जागी मूळ सुजतं, आणि ती शेकड्यांनी अंडी घालते. मग त्यानं लाल रंगात बुडवून आणलेली गिनी गवताची मुळं काचेखाली ठेवली. मूळ फिकं, आणि आत लाल रेघा. किडे आत शिरलेले होते. पण जसे शिरले तसेच: बारीक, उपाशी, एकही फुगलेला नाही.

"घरात आले, पण जेवायला मिळालं नाही," नोबुए म्हणाली.

"आणि जेवण नाही म्हणजे अंडी नाहीत."

"पाहुणे म्हणून आले नि उपाशी मेले." तिनं डोळा काचेवरून काढला. "तोकुजी-सानच्या घरी चहाला गेल्यासारखं झालं."

हे तोकुजीच्या कानावर गेलं, तेव्हा त्यानं खरोखर चहाचं आमंत्रण पाठवलं, मुळ्याच्या लोणच्यासकट. अबोला असा सुटला. गोडवा आला म्हणावं असं काही नव्हतं; पण तो आता गाईशी न बोलता थेट बोलू लागला, आणि टोमणे पूर्वीचेच.

जव काढून वरच्या वावराचा अर्धा भाग मोकळा झाला होता. तिथं त्याच जूनमध्ये तोकुजीनं गवत पेरायचं ठरलं: त्याला चारा, हिला स्वच्छ जमीन. कुवाहातानं वहीत नोंद केली. गावात बातमी पसरली. "नोबुए-सान आता गवत पिकवणार," लोक म्हणू लागले, "पुढच्या वर्षी त्यांना शिंगं फुटणार."

वर्ष उलटलं. त्या भागात रताळी लावली, आणि ऑक्टोबरात सगळ्यांसमोर काढणी झाली. कुवाहाता खास आला होता, शेजारची दहा-बारा माणसंही. पहिली ओळ स्वच्छ निघाली. दुसऱ्या ओळीत वाकडी. तिसऱ्यात अर्धी बरी, अर्धी खड्डे पडलेली. पाचव्या ओळीत तर नुसता चिरलेला माल.

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, "गवताचा ह्या वर्षी मूड नव्हता." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण नोबुएच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कुवाहातानं वही मिटली. "खालच्या वावरात कदाचित योगायोग झाला असेल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "एका वर्षावरून काही ठरवता येत नाही, इमायोशी-सान."

घरी आल्यावर सुएहारूनं मिसो सूप गरम करून तिच्यापुढे ठेवलं. हे काम तो सहसा करत नसे.

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट नाही वाटत," ती म्हणाली. "पण पहिली ओळ चांगली का?"

"काय?"

"सगळंच वाईट असतं तर गवत खोटं. सगळंच चांगलं असतं तर गवत खरं. पण पहिली ओळ चांगली, दुसरी वाईट, तिसरी अर्धी. गवत काय ओळ बघून काम करतं?"

दुसऱ्या दिवशी ती कागद-पेन्सिल घेऊन वावरात गेली आणि जिथं जिथं खराब माल निघाला होता तिथं फुल्या मारल्या. फुल्या रस्त्याच्या कडेला दाट, मधे मधे टिपके, वरच्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीतच. ती कागदाकडे बघत राहिली. मग तिची नजर वावराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे गेली. तिथं ह्या वर्षी तोकुजीनं गवत पेरलं होतं आणि शेवटची कापणी व्हायची होती. वरच्या कोपऱ्यात गवत भिंतीसारखं. रस्त्याच्या कडेला विरळ, मधे मधे भोकं. त्या भोकांत कामोणीचं तण माजलेलं, काळ्या फळांनी लगडलेलं.

तिनं एक कामोणी उपटली.

मुळांवर गाठीच गाठी.

तिनं दुसरी उपटली. तिसरी. दाट गवतातून मुद्दाम वाकून कामोणीचं एक मरतुकडं झुडूप शोधून तेही उपटलं. गाठी त्यावरही. मग ती तिथंच मातीत बसली आणि एकटीच हसायला लागली. नणंदेच्या पडीक वावरात काय होतं? तण. कशामुळे तिथला तेरडा गाठींनी भरला होता? तणामुळे. गवत बिचारं किड्यांना उपाशी मारत होतं, आणि शेजारीच कामोणी त्यांना जेवायला वाढत होती.

कामोणीचा भारा घेऊन ती थेट तोकुजीच्या गोठ्यात गेली. तो वासराला खरारा करत होता.

"तोकुजी-सान, दोन्ही वर्षं वरच्या वावरात बी किती टाकलंत?"

"टाकायचं तेवढं."

"किती?"

"अहो, हाताच्या अंदाजानं. मी काय सोनार आहे?"

"खालच्या वावरात टाकलं होतं तेवढं?"

तोकुजी वासराच्या पाठीवरून खरारा फिरवत राहिला. एकाच जागी.

"तोकुजी-सान."

"अर्धं," तो म्हणाला. "पिशवीतलं अर्धं माझ्या वावरात पेरलं. मला वाटलं, गाईंना काय, थोडं इकडचं, थोडं तिकडचं. मला काय माहीत, तुमचे किडे मारायला दाटीवाटी लागते!"

क्षणभर तोकुजीला वाटलं, आता आणखी आठ वर्षं अबोला. पण नोबुएनं कामोणीचा भारा त्याच्या पायाशी टाकला आणि कंबरेत वाकली, अगदी खोल, गावात सणाला वाकतात तशी.

"उपकार झाले," ती म्हणाली.

"टोमणा आहे का?"

"नाही हो. तुम्ही प्रामाणिकपणे पेरलं असतं तर मला काहीच कळलं नसतं."

तोकुजीनं हे दिवसभर मनात घोळवलं, आणि संध्याकाळी बायकोला विचारलं की ही स्तुती होती की काय होतं. तिलाही सांगता आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये वरच्या वावरात नोबुएनं बी स्वतः पेरलं. दोनदा, आधी उभं, मग आडवं. गवत वीतभर होईपर्यंत ती आणि सुएहारू रोज सकाळी कामोणी उपटत. सुएहारूचा पाय वाकत नसे, म्हणून तो लाकडी ठोकळ्यावर बसून सरकत सरकत पुढे जाई आणि कुरकुरत असे: "लोक गवतातलं तण काढत नाहीत. लोक गवतालाच तण म्हणतात. म्हातारपणी हे काय दिवस आले!"

"बोलताना हात चालू ठेवा."

"हात चालूच आहेत. तोंडाला वेगळं काम आहे."

महिन्याभरात गवताचं छत जुळून आलं; खाली ऊन पोचेना, तण आपोआप संपलं. तोकुजीला चारा असा मिळाला, की त्यानं गोठ्यात पाचवी गाय आणली. त्यानंतरच्या वर्षी ऑक्टोबरात काढणीला बोलावणं कुणालाच नव्हतं. नोबुएला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं. पण पहिली टोपली भरायच्या आत दोन्ही बांधांवर माणसं उभी होती. पहिली ओळ, दुसरी, पाचवी, दहावी. रस्त्याची कड. वरचा कोपरा. रताळी निघत होती ती सगळी अशी, की सुएहारू प्रत्येक वेल ओढल्यावर बायकोकडे बघायचा आणि पुढे सरकायचा. कुवाहातानं वही उघडली. मग ती चिखलात पडली, तरी त्याला पत्ता नाही.

त्या हिवाळ्यात गावच्या सभागृहात बैठक झाली. रताळीवाले एका बाजूला, गाईवाले दुसऱ्या. नोबुएला बोलायला उभं केलं, तर तिनं पिशवीतून तेरड्याची आणि कामोणीची सुकवलेली मुळं काढली, पहिल्या रांगेत दिली आणि म्हणाली, "बघून पुढे द्या." एवढं बोलून खाली बसली. मुळं हातोहात फिरत राहिली. लोक चष्मे काढत, घालत, एकमेकांना गाठी दाखवत. शेवटी तोकुजी उठला आणि सगळी कथा त्यानं सांगितली. कथेत बी अर्धं टाकणारा माणूस कुणीतरी दुसराच निघाला. नोबुए ओठ दाबून ऐकत राहिली. सुएहारू तिच्या कानाशी लागला, "बोल ना."

"राहू द्या. गवत तर त्याचंच आहे."

वसंतापासून नऊ घरांनी वावरांची अदलाबदल केली. गाईवाल्यांनी रताळीवाल्यांच्या जमिनीत गवत पेरायचं, दाट. रताळीवाल्यांनी पहिला महिना तण काढायचं. प्रत्येकानं एकमेकांवर बी चोरल्याचे आणि तण ठेवल्याचे आरोप केले, तरी व्यवस्था टिकली. दरवर्षी वसंतात कुठल्या वावराला गवताची गरज आहे हे ठरवायला लोक मातीच्या पिशव्या घेऊन नोबुएकडे यायचे. तिच्या अंगणात साठ-सत्तर कुंड्या ओळीनं उभ्या असत. गवताचा गुण एका पिकापुरता पक्का टिकतो, दुसऱ्याला उतरतो, तिसऱ्याला पुन्हा पेरावं लागतं, हे तिनं कुंड्या मोजून मोजून शोधलं. कुवाहातानं ते लिहून वरच्या कचेरीत पाठवलं. तिथून उत्तर आलं, की माहिती उपयुक्त आहे. एवढंच.

कुवाहाताची बदली झाली, मग पुन्हा बदली झाली. सुएहारू गेला. तोकुजीच्या गाई मुलाच्या हाती आल्या. निवृत्त व्हायच्या वर्षी कुवाहाता एकदा भेटायला आला. नोबुए सत्तरी ओलांडून गेली होती, पाठीत वाकली होती, आणि बादलीत मुळं धूत बसली होती. चहा झाला, उकडलेली रताळी झाली.

"कुवाहाता-सान," ती म्हणाली, "एक विचारू? खूप दिवस झाले डोक्यात आहे. गवताच्या मुळात जेवायला मिळत नाही, मरायचंच आहे. मग किडे आत शिरतातच कशाला? त्यांना बाहेरून कळत कसं नाही?"

कुवाहातानं रताळं खाली ठेवलं. "खरं सांगू? मला माहीत नाही. कळत नसावं, एवढंच लिहून ठेवलंय सगळीकडे."

"तुम्हालाही नाही माहीत?" तिचा चेहरा एकदम उजळला. "संशोधन केंद्रातल्यांनाही नाही?"

"बहुतेक नाही."

"मग अंगणातल्या त्या रिकाम्या कुंड्या जरा इकडे ओढा. माझी पाठ ऐकत नाही. आणि कोपऱ्यात गिनीचं बी आहे, तेही आणा."

कुवाहातानं कोट काढून खांबाला अडकवला, बाह्या दुमडल्या आणि कुंड्या ओढायला लागला.